लाभांश परत गुंतवला तर? निमाडातील विजेच्या एका शेअरचा पंधरा वर्षांचा हिशेब

शेअर बाजाराची फारशी माहिती नसलेल्या माणसालाही एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. वीज कंपनीचा, शक्यतो सरकारी कंपनीचा, शेअर घ्यावा आणि विसरून जावे. विजेची मागणी कधी आटत नाही, कंपनी बुडत नाही, दरवर्षी लाभांश मिळतो आणि तो लाभांश पुन्हा त्याच शेअरमध्ये घातला तर वीस वर्षांत डोंगर उभा राहतो, असे सांगितले जाते. या सल्ल्यात तथ्य किती आणि समजूत किती, हे तपासायचे तर प्रत्यक्षातले एखादे उदाहरण घेऊन आकडेमोड करणे भाग आहे. त्यासाठी मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर परिसराइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

तापीकाठचे हे गाव जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्याला लागून आहे. बाजारात हिंदी आणि उर्दूबरोबर मराठी सर्रास ऐकू येते, शिवारात केळी आणि गावात यंत्रमाग. १५ ऑगस्ट २००३ रोजी स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी बुऱ्हाणपूर हे पूर्व निमाड, म्हणजे खंडवा जिल्ह्याचा भाग होते. लोकोपयोगी सेवा म्हणजे काय, हे या गावाला चार शतकांपासून ठाऊक आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, येथे ‘कुंडी भंडारा’ ही भूमिगत जलव्यवस्था उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारातून आणि शंभराच्या आसपास कुंड्यांमधून गावाकडे वाहत येते. त्याची धार मोठी नाही, पण ती अखंड आहे. वीज कंपनीच्या शेअरकडून गुंतवणूकदार नेमकी हीच अपेक्षा बाळगून असतो.

यंत्रमागाला वीज लागते आणि बुऱ्हाणपूरच्या मागवाल्याचे वीजबिल येते ते इंदूरला मुख्यालय असलेल्या पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीकडून. ही कंपनी राज्य सरकारच्या मालकीची आहे आणि तिचा शेअर बाजारात मिळत नाही. गोव्यात तर वितरणासाठी कंपनीही नाही, वीज खाते हे सरकारचे खातेच आहे. त्यामुळे ज्याला दरमहा बिल भरतो त्याच्याच नफ्यात वाटा मिळवावा, ही कल्पना दोन्हीकडे थेट जमत नाही. वाटा मिळतो तो एक पायरी मागे, वीज निर्माण करणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या कंपन्यांत. गोव्याला कोरबा आणि विंध्याचल येथील ज्या औष्णिक केंद्रांतून वीज येते ती एनटीपीसीची आहेत. निमाडात नर्मदेवर इंदिरा सागर हा १,००० मेगावॅटचा आणि ओंकारेश्वर हा ५२० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. हे दोन्ही प्रकल्प एनएचडीसी या कंपनीकडे आहेत. १ ऑगस्ट २००० रोजी स्थापन झालेल्या या कंपनीत सुमारे ५१ टक्के वाटा केंद्र सरकारच्या एनएचपीसीचा आणि उरलेला मध्य प्रदेश सरकारचा. एनएचपीसीचा शेअर मात्र कोणालाही घेता येतो. निमाडातल्या पाण्याच्या कमाईत हिस्सा घेण्याचा सामान्य माणसाला उपलब्ध असलेला हा मार्ग, आणि या लेखातला हिशेबही त्याच शेअरचा.

ऑगस्ट २००९ मध्ये एनएचपीसीने प्राथमिक समभाग विक्री केली. शेअरची किंमत ठरली ३६ रुपये. मागणी इतकी होती की अनेकांना अर्ज करूनही मनासारखे शेअर मिळाले नाहीत. १ सप्टेंबर २००९ रोजी बाजारात नोंदणी झाली आणि त्यानंतर गुंतवणूकदारांच्या वाट्याला आली एक दीर्घ, कंटाळवाणी उतरण. दोन वर्षांत भाव विशीच्या आसपास आला. २०१३ मध्ये तो त्याहून खाली गेला. मध्ये काही वेळा डोके वर काढून मार्च २०२०च्या पडझडीत तो पुन्हा पंधरा-सोळा रुपयांपर्यंत घसरला. ३६ रुपयांची पातळी भक्कमपणे ओलांडायला २०२२ साल उजाडावे लागले. मग मात्र चित्र पालटले. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने आपला काही हिस्सा किमान ६६ रुपये भावाने विकायला काढला, त्याच वर्षी जुलैमध्ये भाव शंभरीपार गेला आणि वर्षअखेरीस ८० रुपयांच्या आसपास स्थिरावला.

भाव असा का रखडला, याचे उत्तर वीज कंपनीच्या अर्थकारणात आहे. केंद्रीय वीज नियामक आयोग प्रकल्पाच्या खर्चापैकी साधारण ३० टक्के भाग भांडवल आणि ७० टक्के कर्ज धरतो आणि त्या भांडवलावर ठरावीक परतावा विजेच्या दरातून वसूल करू देतो. गेल्या दशकातील नियमांनुसार हा परतावा १५.५ टक्के आणि पाणी साठवून चालणाऱ्या जलविद्युत केंद्रांसाठी १६.५ टक्के होता. ऐकायला हे फार आकर्षक वाटते. मात्र परतावा सुरू होतो तो प्रकल्पातून वीज बाहेर पडू लागल्यावर. एनएचपीसीचा एक मोठा प्रकल्प, आसाम-अरुणाचलच्या सीमेवरील २,००० मेगावॅटचा सुबनसिरी, डिसेंबर २०११ मध्ये स्थानिक विरोधामुळे थांबला. काम पुन्हा सुरू झाले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये. हिमाचलमधील पार्वती-२ प्रकल्पही असाच वर्षानुवर्षे रेंगाळला. हजारो कोटी रुपये डोंगरात अडकून पडले आणि त्यांवर एक पैसाही दरातून वसूल होईना. नियमन केलेला परतावा म्हणजे हमी दिलेला परतावा, हा समज येथे उघडा पडतो.

या पडत्या काळात गुंतवणूकदाराच्या हाती आले ते लाभांश. सुरुवातीच्या सहा वर्षांत ते अगदीच किरकोळ होते. साधारण अर्ध्या रुपयापासून सत्तर पैशांपर्यंत आणि एका वर्षी तर अवघे तीस पैसे. २०१५-१६ पासून मात्र आकडा एकदम दीड रुपयाच्या घरात गेला आणि पुढे हळूहळू पावणेदोन-एकोणीस दशांशांपर्यंत, म्हणजे २०२३-२४ साठी १ रुपया ९० पैशांपर्यंत पोहोचला. ही उडी धंद्यात झालेल्या एखाद्या चमत्कारामुळे आली नव्हती. मे २०१६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कंपन्यांना फर्मावले की, करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ५ टक्के, यांतील जी रक्कम जास्त असेल तितका लाभांश दिलाच पाहिजे. सरकारला तिजोरीसाठी पैसा हवा होता आणि सर्वांत मोठा भागधारक तेच होते. सरकारी ताटात वाढताना छोट्या भागधारकाच्या ताटातही पडले, एवढेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये हीच अट निव्वळ मालमत्तेच्या ४ टक्क्यांवर आणली गेली. सरकारी कंपनीचा लाभांश मोजताना दिल्लीचा अर्थसंकल्पही डोळ्यांपुढे ठेवावा लागतो, हे बहुतेक सल्लागार सांगत नाहीत.

आता आकडेमोड. समजा, एखाद्याने २००९ मध्ये ३६ रुपयांनी १,००० शेअर घेतले, म्हणजे ३६,००० रुपये गुंतवले. सोपेपणासाठी भाव आणि लाभांश यांच्या ढोबळ सरासऱ्या धरू, कर आणि दलाली बाजूला ठेवू. पहिली सहा वर्षे लाभांश शेअरमागे ५५ पैसे आणि शेअरचा सरासरी भाव २२ रुपये धरला, तर दरवर्षीच्या लाभांशातून शेअरची संख्या अडीच टक्क्यांनी वाढते. सहा वर्षांनी हजाराचे १,१६० होतात. पुढची सहा वर्षे लाभांश दीड रुपया आणि भाव २५ रुपये. आता वाढ वर्षाला सहा टक्के आणि संख्या १,६४५. शेवटची तीन वर्षे लाभांश १ रुपया ८५ पैसे, भाव चढल्यामुळे सरासरी ६० रुपये. वाढ तीन टक्क्यांवर येते आणि २०२४ च्या अखेरीस खात्यात जवळपास १,८०० शेअर जमा होतात. ८० रुपये भावाने त्यांचे मोल १ लाख ४४ हजार.

ज्याने लाभांश परत गुंतवला नाही, नुसता बँक खात्यात पडू दिला, त्याच्याकडे हजार शेअरचे ८० हजार आणि पंधरा वर्षांत मिळालेले सुमारे १८ हजार रुपये, असे एकूण ९८ हजार. म्हणजे पुनर्गुंतवणुकीने ४६ हजारांचा फरक पडला. ३६ हजारांच्या मुद्दलाच्या मानाने तो लहान नाही.

पण हाच हिशेब २०१९ च्या अखेरीस मांडला असता तर? तेव्हा भाव २४ रुपये होता. दहा वर्षे इमानाने लाभांश परत गुंतवणाऱ्याकडे १,४६४ शेअर होते आणि त्यांची किंमत भरत होती ३५ हजार १०० रुपये. दहा वर्षांच्या चिकाटीचे फळ म्हणजे मुद्दलही पुरते परत नाही. लाभांश खात्यात साठवणाऱ्याची गोळाबेरीज होती ३३ हजार ३०० च्या आसपास. दोघांत फरक दोन हजारांचाही नव्हता. चक्रवाढीचे जे तक्ते जाहिरातींत दिसतात त्यांत रेषा पहिल्या वर्षापासून वळण घेत वर चढते. प्रत्यक्षात ती दहा वर्षे जमिनीला चिकटून राहू शकते, आणि त्या दहा वर्षांत मुलांची शिक्षणे, आजारपणे, घराची डागडुजी यांपैकी काहीही येऊन शेअर विकायला लावू शकते. या उदाहरणातला बहुतांश लाभ शेवटच्या अडीच-तीन वर्षांत आला. २०२१ मध्ये कंटाळून बाहेर पडलेल्याला तो मिळालाच नाही.

भाव पडलेला असणे हे पुनर्गुंतवणूक करणाऱ्याच्या पथ्यावरच पडते, ही यातली थोडी उलटी वाटणारी गोष्ट. शेअर पहिली बारा वर्षे ३६ रुपयांवरच स्थिर राहिला असता तर तेवढ्याच लाभांशात कमी शेअर आले असते आणि शेवटची संख्या १,८०० ऐवजी १,५३० च्या आसपास राहिली असती. पडत्या भावाने पावणेतीनशे जादा शेअर मिळवून दिले. बुऱ्हाणपूरचा व्यापारी सुताचा भाव पडल्यावर कोठार भरतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र सुताला कधी ना कधी गिऱ्हाईक मिळणार याची व्यापाऱ्याला खात्री असते. शेअरच्या बाबतीत ती खात्री कंपनीच्या मालमत्तेवर अवलंबून असते. एनएचपीसीकडे चालू धरणे होती, वीज विकली जात होती, नफा होत होता, म्हणून वाट पाहणे फळले. भाव कोसळल्यामुळे लाभांशाचा टक्का मोठा दिसतो आणि पुढच्याच वर्षी लाभांशच बंद होतो, असेही घडते. त्यामुळे केवळ टक्का पाहून केलेली खरेदी हा या क्षेत्रातला सर्वांत जुना सापळा आहे.

वीज या शब्दाची भुरळ किती महाग पडू शकते, याचे उदाहरण याच काळातले आहे. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा शेअर ४५० रुपयांना विकायला आला तेव्हा देशभर अर्जांसाठी झुंबड उडाली. कंपनीचे बहुतेक प्रकल्प तेव्हा कागदावर होते. नोंदणीच्या दिवशीच भाव खाली गेला, पुढे कंपनीने बोनस शेअर देऊन मलमपट्टी केली, तरी २०२० मध्ये भाव पाच रुपयांच्याही खाली होता. नियमित लाभांशाचा ओघच नसेल तर पुनर्गुंतवायचे काय, हा प्रश्नच उरत नाही.

उलट बाजूला पॉवर ग्रिड आहे. २००७ मध्ये ५२ रुपयांना आलेल्या या शेअरवर कंपनीने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तीन शेअरमागे एक बोनस दिला. ज्याच्याकडे ९०० शेअर होते त्याचे आधी १,२०० आणि मग १,६०० झाले. ४६,८०० रुपयांच्या त्या गुंतवणुकीचे मोल २०२४ च्या अखेरीस तीनशेच्या आसपासच्या भावाने जवळपास पावणेपाच लाख होते, आणि यात लाभांश धरलेलाच नाही. दोन्ही कंपन्या सरकारी, दोन्ही वीज क्षेत्रातल्या, दोन्हींच्या दरांवर नियामकाचा अंकुश. फरक पडला तो कामाच्या स्वरूपात. वीजवाहिन्या तुलनेने लवकर उभ्या राहतात आणि उभ्या राहिल्या की भाडे सुरू होते. डोंगरातल्या बोगद्याला दहा-पंधरा वर्षे लागतात. जाता जाता एक खुलासा करायला हवा. बोनस शेअर ही मिळकत नव्हे. भाकरीचे तीनऐवजी चार तुकडे केले, एवढाच त्याचा अर्थ. तो मिळाल्याच्या दिवशी भाव त्याच प्रमाणात खाली येतो.

गोव्यातील वाचकाच्या मनात येथे मुदत ठेवीचा विचार आला नाही तरच नवल. सरासरी साडेसात टक्के व्याज धरले तर ३६ हजार रुपये त्याच पंधरा वर्षांत चक्रवाढीने साधारण १ लाख ९ हजार होतात. म्हणजे लाभांश परत गुंतवणाऱ्या एनएचपीसीच्या भागधारकाने ठेवीवर मात केली, पण लाभांश खर्च करणारा वा पडू देणारा ठेवीच्या मागेच राहिला. टक्क्यांत सांगायचे तर पुनर्गुंतवणुकीसह परतावा वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या जवळपास आणि नुसत्या भाववाढीचा सव्वापाच टक्क्यांच्या थोडा वर. याच काळात मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक १५,७०० च्या आसपासून ७८ हजारांवर, म्हणजे पाचपट गेला. ज्याने डोके न लढवता निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात पैसे ठेवले, तो या सगळ्या धडपडीच्या पुढे राहिला. ‘सुरक्षित’ शेअरची किंमत ही अशी, न मिळालेल्या परताव्यात मोजावी लागते.

व्यवहारातल्या दोन अडचणीही लक्षात घेतल्या पाहिजेत. अमेरिकेत अनेक कंपन्या लाभांश परस्पर शेअरमध्ये बदलून देतात, शेअरचा अंशसुद्धा खात्यात जमा करतात. आपल्याकडे तशी सोय नाही. लाभांश बँकेत येतो आणि खरेदी आपली आपण करायची, तीही पूर्ण शेअरची. शंभर शेअर असलेल्याला २०१० मध्ये ५५ रुपये मिळाले असतील. त्यात एखाद-दुसरा शेअर येतो आणि दलाली जाते. बहुतेकांकडून ती रक्कम घरखर्चात मिसळून जाते, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. म्युच्युअल फंडांत पुनर्गुंतवणुकीचा पर्याय असतो, पण तेथे ज्याला पूर्वी लाभांश म्हणत त्यात तुमचेच भांडवल असू शकते. म्हणूनच एप्रिल २०२१ पासून सेबीने त्या योजनांचे नावच बदलायला लावले.

दुसरी अडचण कराची. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरील कर कंपनी भरत असे आणि सामान्य भागधारकाच्या हाती पडणारी रक्कम करमुक्त असे. १ एप्रिल २०२० पासून लाभांश हे भागधारकाचे उत्पन्न मानले जाते आणि त्यावर त्याच्या टप्प्यानुसार कर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदाराला १०० रुपयांपैकी सत्तरहून कमीच परत गुंतवता येतात. निवृत्त, अल्प उत्पन्नाच्या माणसाला हा भार जवळपास नसतो. पण लाभांश खर्चासाठी लागतो तो त्यालाच. ज्याला पुनर्गुंतवणूक परवडते त्याच्यावर कर जास्त, आणि ज्याला कर नाही त्याला ती परवडत नाही, अशी ही विचित्र सांगड आहे.

या हिशेबात न मावणारी एक बाब निमाडात विसरता येत नाही. इंदिरा सागरचा जलाशय साठवणक्षमतेत देशातला सर्वांत मोठा. २००४ च्या उन्हाळ्यात त्यासाठी हरसूद हे अख्खे गाव उठवले गेले. लोकांनी आपल्या हातांनी घरे पाडली. महाराष्ट्राला हे नवे नाही. १९२१ मध्ये टाटांच्या वीज प्रकल्पासाठी बुडणाऱ्या जमिनींसाठी मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. विजेच्या शेअरवर जो लाभांश मिळतो त्याच्या उगमाशी अशी गावे आहेत, आणि सुबनसिरीच्या आठ वर्षांच्या खोळंब्याने दाखवून दिले की हा प्रश्न केवळ सदसद्विवेकाचा नाही. धरणाखालच्या लोकांचा विरोध भागधारकाच्या ताळेबंदातही उतरतो.

वीस वर्षे शेअर ठेवायचे ठरवणाऱ्याने एक कारकुनी काम मात्र आजच करून टाकावे. सलग सात वर्षे लाभांश उचलला गेला नाही, बँक खाते बदलले, पत्ता बदलला, मालक वारला आणि घरच्यांना ठाऊकच नव्हते, तर तो लाभांशच नव्हे, मूळ शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळवता येतात, पण त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज, वारसाचे दाखले आणि कंपनीशी पत्रव्यवहार असा लांबचा फेरा पडतो. डीमॅट खात्यावर वारसाचे नामांकन नोंदवायला मात्र पाच-दहा मिनिटे पुरतात.